जीन, सहमत होऊ नकोस!

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचं नाव बगळे. छातीवर निळा बगळा, एका पायावर उभा. तो एका पायावर का उभा असतो यावर इतर कॉलेजांची पोरं जे विनोद करतात ते मी इथे लिहीत नाही, कारण ते बरेचसे खरे आहेत. आम्ही हरणारे लोक. हरायची आम्हाला इतकी सवय की जिंकायला लागलो की गुणफलक बिघडलाय असं वाटतं.

मी टेस. शाळेची बस चालवते. दिवसा बस आणि संध्याकाळी वर्ग असं करत पस्तिशीत सेंट कोलमन कॉलेजची पदवी घेतली. तेव्हापासून बगळे माझे आणि मी बगळ्यांची. नवरा गेला, गुडघे गेले, बगळे आहेत.

२०१२च्या मार्चात दोन गोष्टी एकदम झाल्या. बगळे राष्ट्रीय स्पर्धेत घुसले. आणि त्याच दिवसांत देशभर रणकंदन माजलं की नोकरदार बायकांच्या आरोग्यविम्यात गर्भनिरोधक गोळ्या द्यायच्या की नाही. वॉशिंग्टन म्हणालं द्या. बिशपांच्या लेखी गर्भनिरोधन पाप, ते म्हणाले मेलो तरी देणार नाही. मध्ये आमच्यासारखी कॅथलिक कॉलेजं. आमच्या विश्वस्त मंडळात तेरा डोकी. सहा म्हणत होती द्या, सहा म्हणत होती नको, आणि तेरावं डोकं होतं जीन ह्राबाकचं. मतदान सोमवारी, 'द्या' म्हणणाऱ्यांनी हात वर करायचा.

जीन म्हणजे घरं गरम ठेवायच्या भट्ट्या बसवणारा गडगंज माणूस. आवाज भट्टीसारखाच. माजी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी म्हणून मंडळात गेलेला. गेली कित्येक वर्षं प्रत्येक मॅचला माझ्या शेजारी बसतो. मी त्याला भाऊ मानते आणि आठवड्यातून एकदा तरी त्याचा गळा दाबावासा वाटतो.

आणि कटेरी. कटेरी लाफ्लॅम, सव्वीस वर्षांची, आमच्याच कॉलेजची. तिथेच तिकीट खिडकीवर बसते. बगळ्यांच्या प्रत्येक पोराचं वजन, उंची, आईचं नाव तिला पाठ. तिला एंडोमेट्रिओसिस आहे. जे अस्तर गर्भाशयाच्या आत असायला हवं ते बाहेर भलतीकडे वाढतं, आणि दर महिन्याला आतून कोणी खरवडून काढावं तसं दुखतं. ते गोळीने दबतं. तीच ती गोळी. कॉलेजच्या विम्यात ती बसत नाही. दोनदा विनवणी केली, दोनदा नकार. जानेवारीत एका मॅचच्या आधी ती खिडकीतच कोसळली. बाहेर रांगेतल्या लोकांना वाटलं तिकिटं संपली.

शेजारच्या गावातल्या टायर कारखान्याने तिला कचेरीत नोकरी देऊ केली होती. त्यांच्या विम्यात गोळी होती. सोमवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. कटेरीला टायर आवडत नाहीत. कोणाला आवडतात?

तर शुक्रवार. ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळातला शुक्रवार, म्हणजे मटण नाही, मासे. आमच्या पॅरिशच्या चर्चच्या तळघरात दुपारपासून माशांचं तळण चालतं, ओळीने टेबलं, कोबीची कोशिंबीर, बटाटा भरलेले करंजीसारखे पिएरोगी, आणि त्या वर्षी भिंतीवर उधार आणलेला मोठा टीव्ही. जीनची बायको लोरेटा कढईवर. बसायच्या जागा ठरलेल्या. खांबाला टेकून जीन, त्याच्या डावीकडे मी, समोर कटेरी, टोकाला फादर अँसेल्म. फादर ऐंशीचे. एकेकाळी तर्कशास्त्र शिकवायचे, आता फक्त बगळे बघतात. जीनच्या अंगात तो न धुतलेला स्वेटर. मोसम सुरू झाल्यापासून धुतलेला नाही. तेलाचा वास होता म्हणून बरं.

मी खुर्चीत बसले तसा जीन म्हणाला, "टेस, आधीच सांगतो. गोळ्यांचा विषय नाही."

"मी तोंड तरी उघडलं का?"

"तू श्वास घेतलास. तो श्वास मी ओळखतो. या उपासकाळात लोकांनी चॉकलेट सोडलंय, मी भांडण सोडलंय. ईस्टरपर्यंत एक शब्द नाही."

"मत तर सोमवारी द्यायचंय. ईस्टर कुठे आणि सोमवार कुठे!"

"मासे खा."

कटेरी खाली बघत माशावर लिंबू पिळत होती. लिंबू कधीच संपलं होतं, ती तरी पिळत होती.

मॅच सुरू झाली. समोर दक्षिणेतलं एक राक्षसी सरकारी विद्यापीठ. त्यांच्या प्रशिक्षकाचा पगार आमच्या अख्ख्या कॉलेजपेक्षा जास्त असावा. त्यांची पोरं दाराच्या चौकटीएवढी. आमचा पेटिग्रू, आमचा सगळ्यात चांगला पोरगा, माझ्याहून थोडाच उंच. अर्धी मॅच संपली तेव्हा आम्ही पंधरा गुणांनी मागे होतो. तळघरात शोकसभा. कोणी तरी म्हणालं, निदान मासे चांगले आहेत.

दुसरा भाग सुरू होऊन जरा वेळ झाला आणि टाइमआउटला जाहिरात लागली. तळ्याकाठी हात धरून चाललेलं पिकलेल्या केसांचं जोडपं. म्हातारा गालातल्या गालात हसतोय. पुरुषांची ती गोळी. तुम्हाला माहीत आहे कोणती.

माझं डोकं सटकलं.

"जीन," मी म्हणाले, "ही गोळी आपल्या कॉलेजच्या विम्यात बसते का रे?"

जीनने मासा तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. "मला काय माहीत?"

"तू विश्वस्त आहेस!"

"बसत असेल," तो पुटपुटला. "ते वेगळं आहे. ते... आजारपण आहे."

कढईमागून लोरेटा एवढ्या मोठ्याने हसली की झारा खाली पडला.

"म्हाताऱ्याचं खाली पडलेलं ते आजारपण," मी ओरडले, "आणि ही पोर खिडकीत कोसळते ती काय चैन आहे? बाईच्या पोटात आग लागली की तुमचा धर्म जागा होतो, आणि पुरुषाच्या विजारीत जीव नसला की डॉक्टर जागा होतो!"

"हळू! फादर बसलेत!"

"फादरना ऐकू येत नाही."

"मला सगळं ऐकू येतंय," फादर म्हणाले. "पेटिग्रूने तीन गुणांची मारली."

खरंच मारली होती. आम्ही बघितलंच नव्हतं.

जीनही आता पेटला. "हे बघ, प्रश्न धर्मस्वातंत्र्याचा आहे! सरकारने उद्या सांगितलं शुक्रवारी मटण खा, तर खाशील?"

"सरकार तुला गोळी खा म्हणत नाहीये, ढोल्या! तुला पाळीच येत नाही!"

पेटिग्रूने चेंडू हिसकावला, एकटाच धावला, बास्केट. तळघर उठून उभं राहिलं. आम्हीही भांडण सोडून टाळ्या वाजवायला लागलो आणि तिकडे त्या राक्षसांनी लागोपाठ दोन बास्केट केल्या. परत सगळे खाली बसले.

फादर अँसेल्मनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"थांबलात का?" ते म्हणाले.

"काय फादर?"

"तुम्ही भांडत होतात तेव्हा पाच गुण. गप्प बसलात आणि चार गेले. एका उदाहरणावरून नियम निघत नाही हे मी चाळीस वर्षं शिकवलं. पण वेळ थोडा आहे. भांडा."

"फादर, मी भांडण सोडलंय," जीन म्हणाला.

"मी सूट देतो. भांड."

हे तुम्हाला वेड वाटेल. पण बगळ्यांच्या माणसांना विचारा. कोणी एकाच मोज्यावर सगळा मोसम काढतो, कोणी फ्री थ्रोच्या वेळी बायकोला खोलीबाहेर काढतो कारण एकदा ती आत आली आणि चुकला. संघाच्या पायात बळ कुठून येतं हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं, आमच्या खुर्चीतून.

तर आम्ही भांडलो. मी म्हणाले बाईचं शरीर बाईचं. जीन म्हणाला कॉलेजचा पैसा कॉलेजचा. बास्केट. मी म्हणाले पगाराचा भाग आहे तो, भीक नाही. जीन म्हणाला मग रोख घ्या आणि हवं ते विकत घ्या. बास्केट! शेजारची टेबलं सामील झाली. ज्यांनी आयुष्यात 'गर्भाशय' हा शब्द उच्चारला नव्हता असे जाडजूड पेन्शनर उभे राहून गर्भाशयावर ओरडायला लागले. एक तळणारी बाई पिठाच्या हातानेच बाहेर आली आणि तिने आपल्या तिन्ही बाळंतपणांची हकिगत सगळ्या तळघराला ऐकवली, आणि त्या हकिगतीच्या जोरावर आम्ही बरोबरीला सहा कमी एवढ्यावर आलो.

मग जीनने घोळ घातला. माझा एक मुद्दा त्याला कुठे तरी लागला असावा. मी म्हणाले होते की देणारे आणि न देणारे सगळे मिळून तेरा जण ठरवणार, त्यात बायका फक्त दोन. तो थबकला. म्हणाला, "हे मात्र तुझं बरोबर आहे, टेस."

राक्षसांनी तीन गुणांची मारली.

"जीन!" अख्खं तळघर किंचाळलं. "सहमत होऊ नकोस!"

"माझं चुकलं! तिचं चूक आहे! साफ चूक!"

पण आता त्याचा माल संपला होता. बिशपांचं पत्र जेवढं पाठ होतं तेवढं झालं. तो तेच तेच बोलायला लागला आणि पेटिग्रू तेच तेच चुकवायला लागला. मी काय करणार? मी त्याच्या कानाशी लागले. "अरे, विवेकबुद्धीचं बोल. म्हण की ज्यांचा या गोष्टीला विरोध आहे त्यांच्या वर्गणीतून का द्यायचं."

"हां! ज्यांचा विरोध आहे त्यांच्या वर्गणीतून का द्यायचं?"

"कारण माझ्या वर्गणीतून तुझ्या त्या म्हाताऱ्याला तळ्याकाठी चालवतात म्हणून!"

बास्केट. पण दमलो. मला दोन्ही बाजू ओढाव्या लागत होत्या. शेवटची चार-पाच मिनिटं उरली, चार गुण मागे, आणि फादर टेबलावर हात आपटून म्हणाले, "बाजू बदला!"

"काय?"

"जुनी पद्धत आहे. ज्याला समोरच्याची बाजू मांडता येत नाही त्याला स्वतःची कळलेली नसते. जीन, तू द्या म्हण. टेस, तू नको म्हण."

"मी विश्वस्त आहे फादर! मी असं चारचौघांत..."

राक्षसांची बास्केट. सहा. सगळं तळघर जीनकडे वळलं. एवढे डोळे एका माणसाकडे मी फक्त लग्नात पाहिलेत, नवरी आली नाही तेव्हा.

जीन उठला. स्वेटर खाली ओढला. "बरं! द्या! द्या गोळ्या! सगळ्यांना द्या! बिशपांना पण द्या!"

हशा. आम्हाला तीन गुण.

"असं नाही," फादर म्हणाले. "कारण दे."

जीनने इकडे तिकडे बघितलं. कारण शोधत होता. मग कढईकडे बघितलं आणि तिथेच बघत राहिला.

"आमचं पाचवं झालं," तो म्हणाला, "तेव्हा डॉक्टर मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, ह्राबाक, सहावं झालं तर पाचांना आई राहणार नाही."

झारा थांबला.

"मग काय केलंत?" कोणी तरी विचारलं.

"काय केलं म्हणजे? सहावं आहे का मला?" तो एकदम गरजला. "आम्ही गोळ्या घेतल्या! चांगली अकरा वर्षं घेतल्या! दर रविवारी प्रसाद घेतला आणि दर रात्री गोळी! आणि माझ्या भट्ट्यांच्या धंद्यात पोरी कामाला आहेत, त्यांच्या विम्यात आहे ती गोळी, मीच घातली, मुकाट्याने घातली, कोणाला कळू दिलं नाही! घ्या!"

पेटिग्रू हवेत होता. चेंडू कडीवर दोनदा नाचला आणि आत. एक गुण मागे.

तळघराला काय ओरडावं कळेना. बास्केटसाठी ओरडावं की जीनसाठी. दोन्हीसाठी ओरडलं.

"टेस!" फादर ओरडले. "तुझी पाळी! विरोध कर!"

मला विरोध करायचा होता. आणि घड्याळ पळत होतं, म्हणून जे सगळ्यात घाणेरडं आठवलं ते बोलले. लोक हेच बोलतात, माझ्या तोंडावर बोललेत. "आवडत नसेल तर दुसरीकडे नोकरी करावी! कॉलेजने कोणाच्या हातापाया पडायचं कारण नाही! तिकिटं काय, कोणीही विकेल!"

कटेरीने मान वर केली. तिला माहीत होतं की मी खेळतेय. तरी तिचा चेहरा उतरला.

"मला नाही जायचं," ती म्हणाली. हळूच. पण ऐकू गेलं. "मला इथेच राहायचंय."

"ती कुठे जाते?" जीनने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठे जातेय ही?"

"टायर कारखान्यात, बैला! सोमवारी! तुझ्या मतावर!"

"मला कोणी सांगितलं नाही!"

"तू विषय बंद केलास!"

"ती कुठेही जाणार नाही!" जीनने टेबलावर हात असा आदळला की कोशिंबीर उडाली. "तिकीट खिडकीवर कोण बसेल? तो कचेरीतला दाढीवाला? त्याला पेटिग्रूच्या आईचं नाव तरी माहीत आहे का?"

"ऑड्री," कटेरी म्हणाली, आणि रडायला लागली, आणि हसायला लागली, आणि टीव्हीवर शेवटच्या क्षणाला राक्षसांनी पेटिग्रूवर फाउल केला.

दोन फ्री थ्रो. पहिला आत. दुसऱ्याच्या आधी सगळे गप्प झाले, आणि फादर अँसेल्म, ऐंशी वर्षांचे, ब्रह्मचारी, खुर्चीवर चढून ओरडले, "गर्भनिरोधन! कोणी तरी बोला!"

मग सगळेच एकदम बोलले. काय बोलले देव जाणे. चेंडू आत गेला. आम्ही एका गुणाने जिंकलो. सतराशे माणसांचं तळघर नाही ते, पण तेवढा आवाज झाला. जीनने मला उचललं. मला माझ्या लग्नातही कोणी उचललं नव्हतं. लोरेटा कढई सोडून आली आणि तिने जीनच्या गालफडात एक हलकी दिली. "अकरा वर्षं! सगळ्या पॅरिशसमोर!" आणि मग त्याचा मुका घेतला, पिठासकट.

सगळं निवल्यावर जीन माझ्याजवळ येऊन म्हणाला, "टेस, हे आपलं मॅचसाठी हं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे मी बोललो ते बोललो. मत वेगळं. मला बिशपांना तोंड दाखवायचंय."

असा संताप आला ना. शंभर माणसांसमोर खरं बोलायला याला बास्केटबॉल लागतो, आणि मॅच संपली की खरं परत खिशात. एका पोरीच्या पोटातली आग विझवायची की नाही हे ठरवायला कोणत्याही देवाला, बिशपला, भट्टीवाल्याला इतका विचार करावा लागतो याचीच मला लाज वाटते. रविवारी दुसरी फेरी होती.

रविवारी तेच तळघर, त्याच खुर्च्या. उपास नाही, म्हणून सॉसेज. नियमाप्रमाणे शेवटची बाजू चालू ठेवायची, म्हणजे जीन द्या आणि मी नको. जीनने दोन दिवस तयारी केली होती. बायबल आणलं, स्वतःच्या मुलींना फोन करून विचारून आला होता. धाकटीने त्याला काय काय सांगितलं ते त्याने सांगितलं नाही, पण तिचं नाव काढताना दोनदा पाणी प्यायला. मी विरोध करत होते, तो मला उडवून लावत होता. आयुष्यात पहिल्यांदा जीन ह्राबाककडून हरायला मला मजा येत होती.

आणि बगळे मार खात होते. काही उपयोग नाही. आम्ही ओरडून ओरडून घसे फोडले, बाजू परत बदलल्या, परत फिरवल्या, फादरना खुर्चीवर चढवलं. पेटिग्रूला कोणी चेंडूच धरू देईना. मॅच संपायच्या बरंच आधी लोक डबे भरायला लागले. संपली तेव्हा मी मोजायचं सोडून दिलं होतं. कोणी तरी टीव्ही बंद केला. खुर्च्या घडी घालून भिंतीला लागल्या.

जीन बोलतच होता.

"...आणि दुसरं म्हणजे, विवेकबुद्धी फक्त मालकाला असते का? ती पोर खिडकीत बसते तिला नाही?"

"जीन," मी म्हणाले, "मॅच गेली."

"माहीत आहे मला."

"आता बोलून काही मिळायचं नाही."

"तू मध्ये बोलू नकोस. माझा मुद्दा अर्धा राहिलाय." त्याचा आवाज बसला होता, नुसती हवा निघत होती, तरी बोट नाचवत होता. "लोरेटा, तू ऐक. फादर, तुम्ही पण. मालक जर..."

लोरेटाने सॉसेजची रिकामी परात खाली ठेवली आणि खुर्ची परत उघडून त्याच्यासमोर बसली. मी आणि कटेरी जिना चढून वर आलो तरी खालून ती फाटकी हवा ऐकू येत होती.

सोमवारी दुपारी पोरांना घरी सोडून मी बस घेऊन तशीच कॉलेजवर गेले. तिकीट खिडकीशी कटेरी बसली होती. मोसम संपलेला, एक गिऱ्हाईक नाही. समोर फोन. टायरवाल्यांचा नंबर हातावर लिहिलेला. मी आत जाऊन तिच्याशेजारी बसले.

मंडळाच्या इमारतीतून माणसं बाहेर पडायला लागली. कोटवाले, घड्याळं बघणारे. शेवटी जीन. आमच्या दिशेने आला. चेहऱ्यावरून काही कळेना, रात्रभर झोपलेला दिसत नव्हता. खिडकीशी येऊन उभा राहिला आणि तोंड उघडलं, तर आवाजच नाही. अजिबात नाही. ओठ हलले, हवासुद्धा नाही.

"काय झालं?" कटेरीने विचारलं. "जीन, सांग ना! काय झालं?"

त्याने गळ्याकडे बोट दाखवलं, मान हलवली. मग आत तेरा जणांत ज्याने मत दिलं तो उजवा हात त्याने वर केला. सरळ, ताठ, शाळेतल्या पोरासारखा, आणि तसाच धरून उभा राहिला.

कटेरीने काचेवर दोन्ही तळहात आपटले आणि अशी किंचाळली की माझ्या रिकाम्या बसजवळून चाललेली कॉलेजची पोरं थांबून मागे बघायला लागली. मग तिने फोन उचलला, हातावरचा नंबर फिरवला, आणि टायरवाल्यांना म्हणाली, "नाही हो, येत नाही मी. माझं इथे काम आहे."